नाकातले ‘मांस’ आणि लेसरचे पत्रक

बारावीच्या वर्गात लेसरचा पाठ संपवून मी खडू खाली ठेवला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन पुढे आला. त्याला आपण सुहास म्हणू. वहीत चार घड्या घातलेले एक रंगीत पत्रक होते. सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून पुण्यात घरोघर येऊन पडतात, त्यांपैकीच एक. “सर, हा लेसर आणि तुम्ही आत्ता शिकवलात तो लेसर एकच का?” असे त्याने विचारले.

सुहासचे नाक नववीपासून चोंदलेले असते. रात्री तोंड उघडे ठेवून झोपतो, सकाळी घसा कोरडा पडलेला असतो आणि पहिले दोन तास डोके जड राहते. वडिलांनी पतपेढीत कर्जाचा अर्ज भरून ठेवला होता. पत्रकावरच्या सवलतीची मुदत संपण्यापूर्वी शस्त्रक्रिया उरकून घ्यायची, असा घरचा बेत होता.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. कुणाच्या नाकावर कोणती शस्त्रक्रिया करावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि तसे मी सुहासला सांगितलेही. पण मजकूर वाचणे हे तर शिक्षकाचे रोजचे काम. परीक्षेत उतारा देऊन आपण त्याखाली प्रश्न विचारतो, तसे हे पत्रक वाचून पाहायला काय हरकत आहे? दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही. त्याची गरजही नाही, कारण असा मजकूर वाचकांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला आहे. नाकात मांस वाढले असल्यास लेसरने कायमचा इलाज. टाके नाहीत, रक्त नाही, पूर्ण भूल नाही. काही मिनिटांचे काम. त्याच दिवशी घरी. एवढाच काय तो आशय. बाकी जागा लाल रंगाच्या एका तिरप्या किरणाने व्यापलेली.

सुरुवात ‘मांस वाढले आहे’ या शब्दांपासूनच केली पाहिजे, कारण सगळी गफलत तिथे आहे. मांस वाढले म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात चामखीळ किंवा गाठ उभी राहते. जे वाढू नये ते वाढले, मग ते कापून टाकले की प्रश्न मिटला. आता नाकात ‘मांस’ या एकाच शब्दाखाली निदान दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडवल्या जातात. एक म्हणजे पॉलिप, अर्थात सुजेमुळे खरोखर लोंबू लागलेले द्राक्षाच्या मण्यासारखे फुगवटे. ते निरोगी नाकात नसतात. दुसरी गोष्ट म्हणजे टर्बिनेट, आणि ती प्रत्येकाच्या नाकात जन्मापासून असते. पत्रकातल्या चित्रात दाखवले होते ते टर्बिनेटच.

नाकाच्या प्रत्येक बाजूला, बाहेरच्या भिंतीवर, एकाखाली एक अशा तीन कमानदार फळ्या असतात. आत पातळ हाड आणि त्यावर जाड, ओलसर श्लेष्मल त्वचा. वळलेल्या शिंपल्यासारख्या आकारामुळे शारीरशास्त्रात त्यांना शंखाचे नाव मिळाले आहे. आपण त्यांना नासाशंख म्हणू. सर्वांत खालचा नासाशंख सर्वांत मोठा, साधारण करंगळीएवढा. त्याच्या त्वचेखाली शिरांच्या पोकळ्यांचे जाळे असते आणि त्यात रक्त भरले की तो फुगतो, ओसरले की आक्रसतो. भिजवलेल्या आणि पिळलेल्या स्पंजाची आठवण व्हावी, असे हे काम चालते.

हे ‘मांस’ करते तरी काय? याचे उत्तर वर्गात फळ्यावर काढता येते, म्हणून जरा विस्ताराने देतो. शांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे १४ वेळा, दर वेळी अर्धा लीटर हवा घेतो. दिवसाचे झाले सुमारे १०,००० लीटर, म्हणजे १० घनमीटर. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेची १२ अंश सेल्सियसची हवा घ्या. ती बाष्पाने पूर्ण संपृक्त असली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये फक्त ११ ग्रॅम पाणी मावते. फुप्फुसाच्या तळाशी हवा ३७ अंशांची आणि संपृक्त असते, तेव्हा घनमीटरमागे ४४ ग्रॅम पाणी लागते. फरक ३३ ग्रॅमचा. दहा घनमीटरला ३३० ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या पेल्याहून जास्त पाणी रोज त्या हवेत मिसळावे लागते. अशा हवेत कोणी अहोरात्र राहत नाही हे खरे, तेव्हा हा आकडा वरच्या मर्यादेचा समजावा. यातले बरेचसे काम नाकाच्या काही सेंटिमीटरच्या वाटेत, श्वास आत जाताना क्षणभरात उरकते. श्वास सोडताना त्या थंड झालेल्या त्वचेवर थोडे बाष्प पुन्हा जमते आणि परत मिळते. काटकसरी गृहिणीने लाजावे असा हा व्यवहार आहे. त्यासाठी पृष्ठभाग मोठा हवा, तो ओला हवा, त्यामागे उबदार रक्त हवे आणि हवेचा झोत पातळ होऊन त्याला घासून जायला हवा. नासाशंखांचा आकार, त्यांची ओल आणि त्यांतले रक्त या सर्वांचा अर्थ असा लागतो.

शिवाय त्या त्वचेवर सूक्ष्म लव असते. ती एका लयीत हलत राहते आणि धूळ, परागकण, जंतू चिकटलेला शेंबडाचा थर मागे घशाकडे लोटते. हे काम नीट चालते का हे पाहण्यासाठी डॉक्टर खालच्या नासाशंखाच्या पुढच्या टोकाजवळ सॅकरिनचा कण ठेवतात आणि रुग्णाला घशात गोड चव कधी येते याची वाट पाहतात. निरोगी नाकात साधारण १० ते २० मिनिटे लागतात. हा प्रयोग डॉक्टरांचा. आपण वर्गात कुणाच्याही नाकात काही घालायचे नाही.

वर्गात करण्याजोगा प्रयोग वेगळा आहे. थंड स्टीलचे ताट किंवा आरसा नाकाखाली आडवा धरून हळू श्वास सोडा. दोन ओलसर डाग उमटतील आणि बहुतेक वेळा ते सारखे नसतील. डागांच्या कडा स्केचपेनने आखून घ्या, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा पाहा. अनेकांच्या बाबतीत लहान-मोठेपणाची अदलाबदल झालेली दिसेल. एका बाजूचे नासाशंख फुगतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे ओसरतात, आणि काही तासांनी पाळी बदलते. आधुनिक वैद्यकात याची नोंद १८९५ साली कायझर या जर्मन डॉक्टरने केली. आपल्याकडे स्वरोदयाच्या परंपरेत चंद्रनाडी-सूर्यनाडीच्या नावाने हे निरीक्षण फार जुने आहे. काखेत टेकवायचा योगदंडही इथे आठवावा, कारण एका काखेत दाब दिला की त्याच बाजूची नाकपुडी चोंदू लागते आणि दुसरी मोकळी होते, हे आज मोजून पाहिलेले आहे. या परंपरेने त्यावर उभारलेले शुभाशुभाचे इमले सोडून दिले तरी निरीक्षण पक्के होते.

म्हणजे नाकाची एक बाजू काही काळ बंद वाटणे हा रोग नव्हे. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी बंद होणे हाही नव्हे. टॉर्चच्या उजेडात एकदा डोकावून दिसलेला फुगलेला नासाशंख दोन तासांनी तसाच असेल असे नाही. पत्रकाने दिलेले ‘मांस’ हे नाव एका जिवंत, दिवसभर बदलणाऱ्या अवयवाला एकदम टाकाऊ ठरवते. त्याला असा शब्द देणारा मजकूर चूक आहे असे मी म्हणेन, मग त्यातली बाकीची प्रत्येक ओळ खरी असली तरी.

अर्थात नासाशंख खरोखरच कायमचे सुजून बसतात आणि त्यांचा त्रास खरा असतो. श्वासमार्गातल्या एकूण विरोधापैकी निम्म्याच्या आसपास विरोध एकट्या नाकात असतो, आणि खालच्या नासाशंखाचे पुढचे टोक नाकाच्या सर्वांत अरुंद जागेजवळच येते. नळीतल्या संथ प्रवाहाचा नियम मुलांना ठाऊक आहे. दाब तोच असेल, तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. नाक म्हणजे गोल नळी नव्हे आणि त्यातला प्रवाहही नेहमी संथ नसतो, पण अंदाजापुरता नियम चालेल. त्रिज्या २० टक्क्यांनी वाढली, तर १.२ चा चौथा घात २.०७, म्हणजे प्रवाह दुप्पट. या एका आकड्यातून दोन गोष्टी कळतात. थोड्याशा सुजेने माणूस एवढा का गुदमरतो ही एक. आणि दुसरी अशी की आराम पडण्यासाठी थोडेसेच, तेही योग्य जागी, कमी करणे बहुधा पुरते.

मग सूज का येते? या प्रश्नाबद्दल पत्रकात एक अक्षरही नव्हते. सर्वांत मोठे कारण ॲलर्जी. घरातल्या गाद्या-उशांतल्या धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशी, परागकण यांपैकी काहीही. पुणेकरांना यात एक जुना शेजारी ओळखता येईल. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत या नावाने बदनाम झालेल्या पार्थेनियमची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली, ती पुण्यातून. पुढे या गवताने अंगावर उठणाऱ्या त्वचारोगाचे वर्णनही पुण्यात काम करणाऱ्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात केले, आणि त्याच्या परागांमुळे होणाऱ्या सर्दीचा अभ्यास बंगळूरच्या संशोधकांनी केला. ॲलर्जी ही शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची सवय असते. नाकातला तुकडा जाळला म्हणून ती सवय मोडत नाही.

दुसरे कारण नाकाचा मधला पडदा एका बाजूला वाकलेला असणे. मग मोकळ्या बाजूचा नासाशंख मोठा होऊन जागा भरून काढतो, आणि अशा वेळी नुसत्या नासाशंखावर इलाज करून काम अर्धेच होते. तिसरे कारण माणसाने स्वतःच ओढवून घेतलेले. नाक मोकळे करणारे थेंब औषधाच्या दुकानात सहज मिळतात. ते शिरा आक्रसवतात, पाच मिनिटांत नाक उघडते, माणूस खूश. पण आठवड्याहून अधिक काळ ते घेत राहिले तर असर उतरताच सूज पहिल्यापेक्षा जास्त येते, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा सूज. मी सुहासला सहज विचारले, “अरे, तू नाकात काही घालतोस का?” त्याने खिशातून बाटली काढून दाखवली. दीड वर्षापासून रोज रात्री, आणि परीक्षेच्या दिवसांत सकाळीही.

आता लेसरकडे येऊ. इथे पत्रकाइतकाच दोष आपला, शिक्षकांचा आहे. लेसर शिकवताना आपण एकरंगी, एकदिशी आणि सुसंगत ही तीन विशेषणे पाठ करून घेतो, मग उपयोगांच्या यादीत ‘रक्तहीन शस्त्रक्रिया’ लिहायला लावतो. एका गुणाला शब्द, की पुढचा मुद्दा. तो किरण पेशीजालावर पडल्यावर काय होते, हे ना पुस्तक विचारते ना आपण. मग मुलाला तो शब्द पत्रकात दिसला की त्याला शाळेचा शिक्का असल्यासारखा वाटतो.

आणि या विषयाचा एक धागा तर आपल्या जिल्ह्यातच आहे. लेसरचा मूळ सिद्धान्त, उद्दीपित उत्सर्जनाचा, आइन्स्टाइनने १९१७ साली मांडला. पहिला लेसर मेमनने १६ मे १९६० रोजी माणकाचा स्फटिक वापरून पेटवला. शल्यचिकित्सेला खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेला कार्बन डायऑक्साइड लेसर मात्र चंद्र कुमार पटेल यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत शोधला. त्याविषयीचे त्यांचे संशोधन १९६४ साली प्रसिद्ध झाले. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी १९५८ साली पुण्याच्या शिवाजीनगरातल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची. १९७०च्या दशकाच्या आरंभी बॉस्टनमध्ये स्ट्राँग आणि याको या डॉक्टरांनी हा किरण सूक्ष्मदर्शकाला जोडून स्वरयंत्रावर वापरला. नासाशंखांवर लेसर वापरल्याचा पहिला वृत्तान्त १९७७ चा, जर्मनीतल्या लेन्झ आणि सहकाऱ्यांचा, पण तो आर्गॉन लेसरचा होता.

हा फरक महत्त्वाचा आहे. पटेल यांच्या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, अवरक्त. पाणी ती अधाशासारखी शोषते. पेशी बहुतांश पाण्याच्या, त्यामुळे सगळी ऊर्जा वरच्या मिलिमीटरच्या काही शतांश भागातच खर्च होते, पाणी उकळते आणि तो थर वाफ होऊन उडतो. खालचे फारसे भाजत नाही. पण हा किरण साध्या काचतंतूतूनही जात नाही, आरशांच्या सांधेदार दांडीतून आणावा लागतो. याउलट १.०६ मायक्रोमीटरचा निओडिमियम याग लेसर पाण्यातून बराच आत शिरतो आणि कित्येक मिलिमीटर खोल भाजून काढतो. आर्गॉन व हिरव्या लेसरचा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषते. हल्ली दवाखान्यातल्या टेबलावर मावणारा डायोड लेसर ८१० ते ९८० नॅनोमीटरचा असतो आणि बारीक तंतूतून सहज नाकात जातो. त्याच्या प्रसाराचे मोठे कारण ही सोय आहे. थोडक्यात, ‘लेसरने शस्त्रक्रिया’ हे वाक्य ‘हत्याराने सुतारकाम’ या वाक्याइतकेच माहितीपूर्ण आहे. रंधा, करवत की पटाशी? पत्रकात लेसरचा प्रकार नव्हता, तो त्वचेवरून फिरवणार की तंतू आत घालून त्वचेखाली जाळणार हेही नव्हते. आणि लाल रंगाचा तो तिरपा किरण यांपैकी कोणाचाच नव्हता. अदृश्य किरण कुठे पडतो आहे हे कळावे म्हणून त्याच्याबरोबर लाल दिव्यासारखा एक क्षीण किरण सोडतात, एवढाच त्याचा संबंध.

एक जुनी तुलना इथे सुचते. नाकाच्या शस्त्रक्रियेचे पुण्याशी जुने नाते आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका कारागिराने, वीट भाजणाऱ्या जातीतल्या माणसाने, नवे नाक बसवून दिले. त्याचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. ते नाक बाहेरचे होते, आपला प्रश्न आतल्याचा, पण वृत्तान्त कसा लिहिला आहे ते पाहण्यासारखे आहे. आधी मेणाचा पातळ साचा थोट्या नाकावर बसवून पाहायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवून रेघ आखायची, कातडी सोलताना दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी रक्तपुरवठ्यासाठी जोडलेलीच ठेवायची, वर काताचा लेप, पुढे तुपात बुडवलेले कापड, आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची. काय, किती, कुठे, कितव्या दिवशी, सारे आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या मजकुरावरून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाला ही पद्धत उचलता आली. आपल्या हातातल्या रंगीत पत्रकावरून सुहासच्या वडिलांना एक प्रश्नही विचारता येणार नव्हता.

आता पत्रकातले दावे एकेक करून तपासू. टाके नाहीत? खरे आहे. पण खालच्या नासाशंखाच्या जवळजवळ कुठल्याच शस्त्रक्रियेत टाके घालत नाहीत, मग ती विजेच्या उष्णतेने करा, रेडिओलहरींनी करा की फिरत्या पात्याने. हे म्हणजे आमच्या शाळेत मुलांना पंखा आहे असे माहितीपुस्तिकेत छापण्यासारखे झाले. रक्त नाही? लेसरने लहान वाहिन्या भाजून बंद होतात, त्यामुळे रक्त खरेच कमी जाते आणि बहुधा नाकात बोळेही कोंबावे लागत नाहीत. हा लेसरचा खरा गुण, त्याला त्याचे श्रेय दिले पाहिजे. पूर्ण भूल नाही? तेही अनेकदा खरे, पण ते रेडिओलहरींच्या पद्धतीलाही लागू आहे. त्याच दिवशी घरी जाता येते हेही ठीक. मात्र घरी गेल्यावर भाजलेल्या त्वचेवर काही आठवडे खपल्या धरतात, नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, खारट पाण्याने धुवावे लागते आणि डॉक्टरकडे खपल्या काढून घ्यायला जावे लागते, हे ‘काही मिनिटांत’ बसत नाही. भाजलेला नासाशंख समोरच्या पडद्याला चिकटण्याचा धोकाही असतो.

उरतो ‘कायमचा’ हा शब्द, आणि त्यासाठी मला थोडे थांबायचे आहे. इटलीतल्या सिएना येथे पास्साली आणि सहकाऱ्यांनी खालचे नासाशंख सुजलेल्या ३८२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे सहा गटांत वाटले. नासाशंख कापून काढणे, लेसरने भाजणे, विजेने भाजणे, गोठवणे, वरची त्वचा राखून आतला भाग काढणे, आणि हेच करून शिवाय उरलेला नासाशंख बाहेरच्या बाजूला सरकवणे. मग सहा वर्षे या नाकांचा पाठपुरावा केला आणि २००३ साली निष्कर्ष छापला. वाट दीर्घकाळ मोकळी राहिली, लवेचे काम आणि स्रावातली संरक्षक द्रव्ये पूर्ववत झाली, ती त्वचा राखून आत काम केलेल्यांत, आणि त्यातही सरकवणे जोडले त्यांत सर्वांत चांगली. लेसरचा गट तिथवर पोहोचला नाही. कारण समजणे अवघड नाही. वरून भाजताना प्रथम जळते ती लव असलेली त्वचा, म्हणजे ज्या अवयवाला वाचवायचे त्याचा कामाचा भाग.

हा एका ठिकाणचा अभ्यास आहे आणि त्यानंतर लेसर वापरण्याच्या पद्धती बदलल्या आहेत. तंतू त्वचेखाली नेऊन आतूनच भाजण्याची रीत आता आहे, आणि ठिपक्याठिपक्यांनी भाजून मधली त्वचा शाबूत ठेवण्याचीही. कुशल हातात लेसरने उत्तम आराम पडलेले रुग्ण पुष्कळ असतील, याबद्दल मला शंका नाही. पण त्या यशाचे श्रेय किती त्वचा राखली आणि कारण नीट ओळखले का, याला जाते. किरणाच्या नावाला त्यातले फार थोडे मिळावे.

उलट बाजूला चूक झाली तर काय होते ते सांगितलेच पाहिजे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये केर्न आणि स्टेन्क्विस्ट यांना असे रुग्ण आढळत होते, ज्यांचे नासाशंख पूर्वी फार काढले गेले होते. तपासणीत नाक आरपार मोकळे, आणि रुग्ण म्हणत, श्वासच येत नाही. १९९४ साली त्यांनी याला रिकाम्या नाकाचा विकार असे नाव दिले. हे चमत्कारिक वाटते, कारण आपण समजतो की मोकळेपणा म्हणजे जागा. पण मोकळेपणाची जाणीव त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंकडून येते. पुदिन्याचे फूल हुंगले की नाक उघडल्यासारखे वाटते, आणि मोजले तर हवेचा विरोध जवळजवळ तसाच असतो! ती त्वचाच गेली की हवा जाते आणि तिची खबर मेंदूला पोहोचत नाही. शिवाय नाक कोरडे पडते, खपल्या धरतात, झोप उडते. हे सर्वांना होत नाही, सावधपणे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तर क्वचितच. मात्र काढलेला नासाशंख परत लावता येत नाही, आणि सतराव्या वर्षी काढला तर त्याच्यावाचून पुढची पन्नास-साठ वर्षे काढायची असतात. ‘कायमचा’ हा पत्रकातला शब्द या एकाच अर्थाने पूर्ण खरा आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांनुसार रुग्ण मिळवण्यासाठी डॉक्टरने जाहिरात करणे अनुचित आहे. तरीही पत्रके येतात, ती संस्थांच्या नावाने येतात, आणि मुदतीची सवलत असलेली येतात. नासाशंखाला मुदत नसते. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहून त्यातून रक्त येणे यासारखी काही लक्षणे मात्र लांबणीवर टाकू नयेत, आणि लहान मूल तोंडाने श्वास घेत असेल तर नाकामागच्या ॲडेनॉइडची तपासणी व्हावी. पत्रकाने सावध करायचेच होते तर याबद्दल करायला हवे होते.

सुहासने वहीच्या मागच्या पानावर पाच प्रश्न लिहून घेतले. सूज कशामुळे आहे? पडदा सरळ आहे का? औषधाचा फवारा नीट शिकून, सलग काही आठवडे घेऊन पाहिला का? शस्त्रक्रिया लागलीच तर नासाशंखाचा कोणता भाग कमी करणार आणि त्वचा कशी राखणार? कोणत्या हत्याराने, आणि तेच का? पाचवा प्रश्न लेसरचा, आणि तो मुद्दामच शेवटी ठेवला. वडिलांना घेऊन तो एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेला. सकाळची रांग, दुपारी दोन मिनिटे. पण त्या दोन मिनिटांत डॉक्टरीणबाईंनी प्रथम खिशातली बाटली मागितली.

थेंब बंद झाले. पहिले दहा दिवस फार वाईट गेले, असे तो म्हणाला. रात्री उशाला दोन उशा घेऊन बसूनच झोपत असे. त्यानंतर स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे सुरू आहे. डावी बाजू बरीच सुटली, उजवी अजून कुरकुरते. पडदा थोडा वाकडा आहे, परीक्षेनंतर पुन्हा दाखवायला सांगितले आहे, आणि तेव्हा शस्त्रक्रिया ठरू शकेलही. पतपेढीचा अर्ज वडिलांनी मागे घेतलेला नाही, नुसता थांबवला आहे. पत्रक माझ्याकडेच राहिले. यंदा लेसरचा पाठ संपला की त्याच्या प्रती काढून वर्गात वाटणार आहे, दवाखान्याचे नाव आणि फोन क्रमांक कात्रीने कापून.